विसरलात, की ऐकूच आलं नाही?

पत्राचा सारांश: पत्र जळगाव जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावातून आलं आहे. लिहिणाऱ्या बाई ६४ वर्षांच्या, जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेल्या. १९८३पासून गावच्या हौशी नाट्यमंडळात काम करतात. राज्य नाट्य स्पर्धेच्या जळगाव केंद्रावर अभिनयाचं एक रौप्यपदक आणि तीन गुणवत्ता प्रमाणपत्रं त्यांच्या नावावर आहेत. गेल्या वर्षी प्रयोगात पावसाच्या प्रवेशात त्या मध्येच थांबल्या. "समोरच्या मुलीचं वाक्य संपलं की नाही तेच कळेना, आणि मग डोकं कोरं झालं." त्या मुलीनेच सावरून घेतलं. यंदा मुख्य भूमिका त्या मुलीला, आणि बाईंना चार वाक्यांची आजी. दिग्दर्शक त्यांचाच शाळेतला विद्यार्थी. पुण्यातला मुलगा म्हणतो, "आई, आता मानाने थांब." इकडे भाचा मोबाइलवर अहिराणी विनोदी व्हिडिओ करतो, त्याला खाष्ट याहीण (म्हणजे विहीण) करायला मावशीच हवी आहे. बाई विचारतात: "आयुष्यभर रंगमंचावर शुद्ध बोलले, आता म्हातारपणी अहिराणीत हसं करून घेऊ का? थांबू का? आणि थांबायचं नसेल तर पूर्वीचा आत्मविश्वास कुठून आणू?" पत्राखाली सही आहे, 'एक जुनी नायिका'.

बाई,

गावात सगळे तुम्हाला बाईच म्हणत असणार, म्हणून मीही तेच म्हणते.

तुमचं पत्र मी तीनदा वाचलं. दुसऱ्यांदा वाचताना एका ओळीवर अडले. १९८६च्या स्पर्धेबद्दल तुम्ही सहज लिहून गेला आहात: "पहिल्या एन्ट्रीआधी विंगेमागे उलटी झाली होती, हात थरथरत होते, मंडळातल्या एका काकांनी गूळ खायला दिला." आणि त्याच पानावर खाली विचारता, की पूर्वीचा आत्मविश्वास कुठून आणू. कोणता पूर्वीचा? २५व्या वर्षी विंगेमागे उलटी करणाऱ्या मुलीपाशी तो होता असं तुमच्याच पत्रावरून दिसत नाही. तिच्यापाशी होती ती महिना-दीड महिन्याची तालीम. रात्री साडेआठला शाळेच्या हॉलमध्ये जमायचं, वीज गेली की कंदील, प्रत्येक प्रवेश वीस-वीस वेळा. प्रयोगापर्यंत वाक्यं डोक्यातून पायांत उतरलेली असायची. म्हणून ती घाबरली तरी चुकली नाही.

आणि गेल्या वर्षी तालमी किती झाल्या? तुम्हीच लिहिलंय: आठ. त्यातल्या दोन दिवशी दिग्दर्शकच नव्हता. एवढ्यावर मी तर स्वतःचं नावसुद्धा विसरले असते.

त्या पावसाच्या प्रवेशाकडे मात्र जरा थांबून बघू या. मुलगा त्याला वय म्हणतो, तुम्ही विसरणं म्हणता. तुमचे शब्द आहेत, "वाक्य संपलं की नाही तेच कळेना". याला विसरणं म्हणत नाहीत. ध्वनिक्षेपकावर पावसाचा आवाज चालू, समोर बारीक आवाजाची मुलगी, तीही अर्धी प्रेक्षकांकडे तोंड करून बोलणारी. वयाबरोबर कान उतरतात ते आधी उंच पट्टीच्या आवाजांना. स, श, फ यांसारखी व्यंजनं गळायला लागतात, स्वर ऐकू येत राहतात. त्यामुळे माणूस म्हणतो की ऐकू येतंय पण कळत नाही. मागे दुसरा आवाज असला की आणखी घोटाळा. नटाला तर समोरच्याच्या शेवटच्या शब्दावरूनच आपलं वाक्य सुचतं. तो शब्दच निसटला तर पुढचं पाठ असूनही डोकं कोरं होणार.

तेव्हा मंडळाला राजीनामा देण्याआधी कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे जाऊन ऑडिओमेट्री, म्हणजे ऐकण्याची तपासणी, करून घ्या. अर्ध्या तासाचं काम, दुखत-खुपत नाही. त्याच फेरीत रक्तातलं बी-१२ आणि थायरॉइड बघून घ्या, कारण दोन्ही बिघडले की स्मरणावर परिणाम होतो आणि दोन्हींवर औषध आहे. डोळ्यांचा नंबरही. मी स्वतः एका कार्यक्रमात वाचताना ओळीच्या ओळी गाळल्या आणि आठ दिवस 'आपलं आता संपलं' म्हणून उदास बसले होते. निघालं काय, तर चष्म्याचा नंबर बदलला होता. अर्थात, घरातही गॅस चालू राहतोय, ओळखीचा रस्ता चुकतोय, तोच प्रश्न तासात चारदा विचारला जातोय असं कुणाच्या लक्षात येत असेल, तर ते वेगळं. तशा माणसाने वेळ न घालवता डॉक्टर गाठावा. तुमच्या पत्रात तसं काही दिसलं नाही. ४० वर्षांच्या नाटकांच्या तारखा तुम्ही ओळीने लिहिल्या आहेत.

वय हा नुसता आकडा असतो असं मी तुम्हाला सांगणार नाही. तो गुडघ्यात असतो, पाठीत असतो, रात्री तीनला येणाऱ्या जागेत असतो. पाठांतराची तुमची जुनी रीत, म्हणजे आदल्या रात्री वही घेऊन बसायचं आणि सकाळपर्यंत तोंडपाठ, ती आता चालणार नाही. रीत बदलावी लागेल. संहिता मोठ्या अक्षरात छापून घ्या. भाच्याला सांगून समोरच्या पात्रांची वाक्यं मोबाइलवर ध्वनिमुद्रित करा, आपल्या वाक्यापुरती जागा रिकामी सोडून. सकाळी चालताना ते कानात लावा आणि रिकाम्या जागी मोठ्याने बोला. शेजारीण वेडी म्हणाली तर म्हणू दे. रोज दहा वाक्यं, जास्त नाही, आणि तालीम सुरू व्हायच्या तीन आठवडे आधीपासून. बसून पाठ केलेलं उभं राहिल्यावर पळतं, म्हणून हालचालीसकटच पाठ करा. आणि दिग्दर्शकाला स्पष्ट सांगा, की मला क्यू, म्हणजे माझ्या वाक्याआधीचा शब्द, देणाऱ्याने तो माझ्याकडे तोंड करून द्यावा. हे नखरे नव्हेत. तरण्या नटांनाही त्याचा उपयोगच होतो.

आता आजीची गोष्ट.

'चार वाक्यांची आजी' हे तुम्ही पत्रात तीनदा लिहिलंय. मी मोजलं. ती आजी प्रवेशात किती वेळ असते, हे मात्र एकदाही लिहिलं नाही. खान्देशातली आजी चार वाक्यं बोलते तेव्हा बाकीचा वेळ ती काय करत असते? शेंगा फोडते, बिबड्यांचं वाळवण राखते, नातवाच्या डोक्याला तेल चोपडते, आणि डोळ्यांच्या कोपऱ्यातून सुनेच्या हातातला तवा बघते. तुमच्या विद्यार्थ्याने ते लिहिलं नसेल. त्याचं वय ते नाही. त्याच्याकडे जा आणि दोनच गोष्टी विचारा: आजी रंगमंचावर कधी येते नि कधी जाते, आणि तिच्या हातात काय असतं? त्याला उत्तर देता आलं तर भूमिका घ्या. "बाई, आजी म्हणजे तुम्ही फक्त बसायचं" असं म्हणाला तर खुशाल नकार द्या, पण यंदाच्या नाटकापुरता. मंडळ सोडायचं कारण नाही.

तो मुद्दाम अपमान करतोय असं मला वाटत नाही. गेल्या वर्षीच्या पंधरा सेकंदांची तुमच्याइतकीच भीती त्यालाही बसलीय आणि ती तुम्हाला तोंडावर सांगायची त्याची छाती नाही. तुम्ही त्याला पाढे शिकवलेत, बाई. तुम्हीच आधी बोला. कान तपासून घेतला हेही सांगा. त्या मुलीबद्दल तुम्ही थोडं कडू लिहिलंय, नंतर खोडलंय, पण खोडलेलं वाचता येतं. प्रयोगात तिने तुम्हाला सावरलं, ते काम सहनायिकेचं असतं. तुम्हीही कधीतरी कुणालातरी सावरलं असेल.

मोठ्या नटींचे दाखले मला फार द्यायचे नाहीत, कारण तुम्ही लगेच म्हणाल, "त्या मुंबईच्या, आम्ही इथल्या." पण एक बाई आपल्या शेजारची. ललिता पवार येवल्याच्या, १९१६चा जन्म. मूकपटांपासून काम करणारी नायिका. १९४२च्या सुमाराला चित्रीकरणात सहकलाकाराची थप्पड खरोखरच जोरात बसली, चेहऱ्याची एक बाजू लुळी पडली, काही वर्षं उपचार चालले, आणि डावा डोळा कायमचा बारीक झाला. नायिका तिथे संपली. पुढे त्याच डोळ्याने त्यांनी अख्ख्या देशाच्या सुनांना धाक घातला. 'अनाडी'तली प्रेमळ मिसेस डिसा केली, त्याला फिल्मफेअर मिळालं, आणि सत्तरी गाठताना दूरदर्शनच्या 'रामायणा'तली मंथरा. मला यातलं कौतुक जिद्दीचं कमी वाटतं. ते तर सगळेच सांगतात. मला वाटतं ते हे, की बिघडलेला डोळा लपवण्याच्या कोनातच उभं राहायचं असा हट्ट त्यांनी धरला नाही. कॅमेऱ्याला तोच डोळा दिला.

अलीकडचं उदाहरण हवं असेल तर नीना गुप्ता. २०१७मध्ये त्यांनी इन्स्टाग्रामवर सरळ लिहिलं, की मी मुंबईत राहते, चांगली अभिनेत्री आहे, चांगल्या भूमिका शोधतेय. पुढच्याच वर्षी 'बधाई हो' आला. तेव्हा त्या साठीच्या उंबरठ्यावर होत्या. काम मागण्यात कमीपणा नसतो, एवढंच यातून घ्या. बाकी त्यांचं जग वेगळं.

तुमचा डावा डोळा कोणता, हे मी सांगू का? रागावू नका. अहिराणी.

तुम्ही लिहिता की घरात आईशी, आजीशी, शेतातल्या बायांशी अहिराणीच बोलत होतात. डीएडला गेल्यावर ती सोडली. वर्गात पोरांची सुधारलीत. रंगमंचावर तर तिचा वाससुद्धा येऊ दिला नाहीत. रौप्यपदक मिळालं तेव्हा परीक्षक 'शुद्ध वाणी' म्हणाले, ते वाक्य तुम्हाला अजून पाठ आहे. मला त्या परीक्षकांशी भांडायचं नाही. त्या काळी स्पर्धेला उतरायचं तर तसंच बोलावं लागे. पण त्यासाठी तुम्ही केवढं ठेवून दिलंत याचा हिशेब कधी मांडलात का? आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, झोक्यावर म्हणायची गाणी, कानबाई देवीच्या रोटांच्या रात्रीची गाणी, याहिणी-याहिणींचे टोमणे, शिव्या द्यायची लय. हे सगळं तुमच्या कानात चाळीस वर्षं बंद पडून आहे. तुमच्या भाच्याकडे ते नाही. त्याच्या पिढीची अहिराणी अर्धी पुण्याच्या मराठीत भिजलेली. त्याला मावशी का हवी आहे, हे मला इथे बसून कळतं.

असोद्याच्या बहिणाबाईंचं नाव आपल्याकडे अशा वेळी निघतंच, मीही काढते. त्यांची बोली अहिराणी नव्हे, लेवा गणबोली. त्यांना लिहिता-वाचता येत नव्हतं. गाणी छापून आली ती त्या गेल्यावर, १९५२मध्ये. आज अख्ख्या महाराष्ट्राच्या पाठ्यपुस्तकांत आहेत. पुस्तकासाठी त्यांची भाषा कुणी 'शुद्ध' केली नाही, म्हणून बरं.

"हसं होईल" म्हणता. विनोदी कामात हसं व्हायलाच हवं की. प्रश्न एवढाच, की लोक याहिणीला हसणार की तुम्हाला? ते तुमच्या टायमिंगवर ठरेल, आणि गंभीर नाटकातल्या रडण्यापेक्षा ते अवघड असतं. "आमना आंडोर कितला वाळी गया व याहीन, तुमनी पोर त्याले जेवाले घालस का नही?" ('आंडोर' म्हणजे मुलगा.) हे वाक्य वाचायला सोपं आहे. 'याहीन'वर किती थांबायचं, तिथे पदर सारखा करायचा की पानाला चुना लावायचा, हे ज्याने त्या बाया पाहिल्या आहेत त्यालाच कळतं. आवाज जाडा झाला म्हणून तुम्ही हळहळता. पाळी गेल्यावर बायकांचा आवाज खाली उतरतोच. नायिकेला तो अडचणीचा होता, याहिणीला अगदी मापाचा.

तरी डोळे झाकून हो म्हणू नका. भाच्याला आधी सांगा की तीन व्हिडिओ करून बघू, मग ठरवू. संहिता दोन दिवस आधी हातात हवी. 'मावशी, तू तिथं काहीतरी बोल' असं चालणार नाही. सुनेचा रंग, कुणाचं जाडेपण, कुणाची जात यावरचे विनोद तुम्ही करणार नाही, हे पहिल्या दिवशीच बोलून टाका. नंतर बोललात की भांडण होतं. पैसे मिळत असतील तर तुमचा वाटा किती, तेही विचारा. घरचा आहे म्हणून लाजू नका, घरच्यांतच हे प्रश्न कुजतात. आणि खाली आलेल्या प्रतिक्रिया पहिले आठ दिवस तुम्ही स्वतः वाचायच्या नाहीत. भाचा वाचेल आणि कामाच्या तेवढ्या सांगेल. सुरतेत उधना-लिंबायतला राहणारी आपली माणसं, पुण्यातली, मालेगाव-बागलाणातली, अशी मंडळी हे बघतात. त्यांतल्या कुणाला तुमची याहीण बघून आपली आत्या आठवेल. कुणी वाईटही लिहील. रिकामी माणसं आहेत जगात.

तिसरी वाट तुम्ही विचारलेली नाही, पण अशीच पत्रं मला आणखी आली आहेत, त्यांच्यासाठीही सांगते. पाठांतराची धास्ती असेल तर अभिवाचन करा. हातात कागद असतो, त्याला कुणी नावं ठेवत नाही. ग्रंथालयं, महिला मंडळं, शाळा यांना अशी माणसं हवीच असतात. आकाशवाणीच्या जळगाव केंद्रावर नाट्यविभागाची स्वरचाचणी कधी असते, याची चौकशी करून ठेवा. २०२३पासून एसटीत बायकांना अर्धं तिकीट आहे, तेव्हा जळगावच्या फेऱ्यांचं ओझं वाटायला नको. ज्यांना तुमच्यासारखं निवृत्तिवेतन नाही, तमाशात, वहीगायनात, भजनी मंडळात आयुष्य गेलं, त्यांनी राजर्षी शाहू महाराज ज्येष्ठ साहित्यिक व कलावंत मानधन योजनेची पंचायत समितीत चौकशी करावी. महिन्याला ५,००० रुपये मिळतात. पन्नाशी ओलांडलेली असावी लागते आणि कलेत घालवलेल्या वर्षांचा पुरावा मागतात, म्हणून जुनी हस्तपत्रकं, फोटो, प्रमाणपत्रं रद्दीत घालू नका. आणि मालिकेत आजीचं काम देतो, आधी फोटोशूटचे किंवा कार्डाचे पैसे भरा, असा फोन आला तर ठेवून द्या. काम देणारा माणूस कलाकाराकडून पैसे घेत नाही.

मुलाबद्दल थोडंसंच. "मानाने थांब" यात त्याची माया आहे, पण गेल्या वर्षीचा प्रयोग त्याने पाहिलेलाच नाही, हे तुम्हीच लिहिलंय. कुणीतरी त्याला फोनवर सांगितलं. त्याला वाद घालून पटवू नका. यंदाच्या प्रयोगाला बोलवा आणि तिकीट काढून ठेवा. सुनेला वेगळा फोन करा. का कोण जाणे, मला वाटतं ती तुमच्या बाजूची असेल.

केसांच्या रंगाबद्दल विचारलंत, त्याचं उत्तर: आजीला पांढरे लागतील, याहिणीला मेंदी लावलेले. दोन्ही करणार असाल तर आधी आजी करा.

सहीबद्दल बोलायचं राहिलंच. 'जुनी नायिका' मध्ये तुम्ही स्वतःची पंधरा-सोळा वर्षं मोजली आहेत. १९८३पासूनची बाकीची पंचवीसेक वर्षं कुठे गेली? त्यात तुम्ही आई केलीत, शेजारीण केलीत, एकदा ऐनवेळी न आलेल्या नटाच्या जागी मिशी लावून तलाठी केलात. पत्रातलं तुमचं सगळ्यात मजेचं वाक्य त्या तलाठ्याबद्दलचं आहे. नायिकेच्या कामांबद्दल तुम्ही फक्त बक्षिसं लिहिली आहेत.

ऑडिओमेट्रीला जाल तेव्हा भाच्यालाच गाडी काढायला सांगा. जायला-यायला तास-दीड तास जाईल. येताना बांभोरीच्या पुलाच्या अलीकडे-पलीकडे कुठेतरी भरीत-भाकरी खायला थांबा आणि याहिणीची संहिता तिथेच त्याच्याकडून मोठ्याने वाचून घ्या. जिथे त्याची अहिराणी चुकेल तिथे त्याला टोका.